उतारावरचे तुटक पट्टे

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात अंगात येणं, देवऋषी, बाहेरचं लागणं हे शब्द फक्त चेष्टेत निघाले. मी स्वतः भूमच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. तरी हे लिहितोय... कारण ज्यांना तोंडी सांगितलं असतं ती माणसं आता राहिली नाहीत.

माझी बायको सुजाता भूमला डॉक्टर होती. तिच्याकडे लाल रंगाची, दोन सीटांची परदेशी स्पोर्ट्स कार होती. तिला शिकवणारे एक वृद्ध सर्जन कायमचे मुलाकडे विलायतेला निघाले, तेव्हा त्यांनी ती तिला देऊन टाकली. गाडी इतकी ठेंगणी की बैलगाडीशेजारी उभी केली तर चाकाआड लपायची. गाव तिला 'बुटकी' म्हणायचं. बुटकी आली म्हणजे डॉक्टरीणबाई आल्या.

थंडीच्या दिवसांत सकाळी मी शेजारी असलो की ती हटकून सांगायची, "ब्रेक दाबून धरायचा नाही. दाब, सोड, दाब, सोड. चाक फिरत राहिलं तर रस्ता धरतं. जाम झालं की घसरतं."

"मला कशाला सांगतेस? मी थोडाच चालवणार आहे?"

"मग मी काय जन्मभर तुझी ड्रायव्हर राहू?"

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काविळीनं ती गेली. पंधरा दिवसांत.

त्यानंतर मी गाडी शिकलो. दूध संघाच्या गाड्या दुरुस्त करणारे हाशमभाई होते, सुजाताच्या वेळेपासून बुटकीही तेच बघायचे; त्यांनी शिकवली. दर रविवारी मी बुटकी बाहेर काढायचो, गावाबाहेर एक फेरी मारायचो आणि पुन्हा शेडमध्ये लावायचो. टायर सुजातानं स्वतः उभं राहून बसवून घेतलेले होते. फारशी चालवलीच नसल्यामुळे पाच-सहा वर्षांनंतरही त्यांची नक्षी नव्यासारखी होती. मी ती कौतुकानं दाखवली, तेव्हा हाशमभाईंनी रबर नखानं टोकरून पाहिलं.

"सर, नक्षीवर जाऊ नका. रबराला उमर असती. हे वाळून लाकूड झालंय. उन्हाळ्यात चालून जाईल, थंडीत लई कडक होतंय. ब्रेक मारला तरी गाडी थांबायची न्हाय."

"बघू पुढं."

"पुढं काय बघता? टायर तरणं व्हणार हाय का?"

मी विषय बदलला.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. डिसेंबरातली सकाळ, सात वाजलेले. उस्मानाबादला — आताच्या धाराशिवला — शिक्षण खात्याच्या कचेरीत पोचायचं होतं आणि एसटी चुकली होती. मी बुटकी काढली. भूमपासून चार-पाच मैलांवर एक लांब उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी वळण. वळणावर पाण्याचा टँकर उभा होता. घागरी, हंडे, कळश्या आणि बायका... रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेला.

मी होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला. चाकं जाम झाली. स्टिअरिंग फिरवलं, पण गाडी फिरेना, सरळ घसरत राहिली. दाब-सोड वगैरे काही मला आठवलं नाही. सुजाताही आठवली नाही. एक पितळी घागर तेवढी दिसत होती.

आणि तळव्याखालचं पेडल वर आलं.

मी ते खाली दाबत होतो आणि ते माझ्या पायासकट वर येत होतं. मग खाली. मग पुन्हा वर. घाई नव्हती त्यात. काही दिसलं नाही, आवाज नाही, वास नाही. गाडी वळली, हळू झाली, एका हंड्याला टेकली आणि थांबली. हंडा कलंडला.

एक म्हातारी कमरेवर हात ठेवून पुढे आली. "मास्तर, पाणी पुरंना म्हणून आमालाच कमी करायला आलाव व्हय?" बायका हसल्या, भेदरून हसतात तशा. मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "उतरा की."

मला उतरता येईना. उजवा पाय पेडलवर ताठ झाला होता. तिनं आणि आणखी एकीनं पोटरीला धरून तो ओढून काढला. "पाय हाय का पहार?" म्हातारी म्हणाली.

निरोप गेल्यावर दुपारी हाशमभाई तिथं आले. रस्ता बघत उतार चढून गेले, परत आले.

"शाबास, सर. वर रबराचा सलग पट्टा हाय. चाकं जाम. आन् इथनं खाली बघा... पट्टा, मोकळं, पट्टा, मोकळं. पाय उचलला तुम्ही."

"मी पाय उचलला नाही."

"न्हाई उचलला तर असं व्हत न्हाई."

"हाशमभाई, माझा पाय दोन बायांनी ओढून काढलाय."

ते पट्ट्याजवळ उकिडवे बसले. मग म्हणाले, "ह्ये ब्रेक मारणं बाईसाहेबांचं हाय." आणि टायरकडं वळले.

पुढच्या रविवारी मी सायकलवर तिथं गेलो. शाळेतला मोजायचा टेप नेला होता. पट्टे फिकट होते, पण स्पष्ट. खडबडीत रस्त्यावर चाकं उडाली तर असे तुटक पट्टे पडतात, हे मला माहीत होतं. पण तिथला रस्ता गुळगुळीत होता. मी मापं लिहून घेतली. मग टेप गुंडाळून नुसता बसून राहिलो. त्यानंतर दर रविवारी गेलो.

जानेवारीत मी एक गोष्ट केली, जी हाशमभाईंखेरीज कुणाला सांगितली नव्हती. टँकर नसेल अशा एका गारठलेल्या सकाळी, त्याच टायरवर, त्याच उतारावर मी मुद्दाम गाडी पळवली आणि ब्रेक दाबून धरला. पेडल वर येण्याची वाट पाहिली... अजून वाट पाहिली. ते आलं नाही. गाडी चरात गेली.

हाशमभाई पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "बाईसाहेब काय तुमच्या नोकर हायत का, दर येळंला यायला? एकदा आल्या ना? मग?" त्याच दिवशी त्यांनी चारही टायर उतरवले. मी अडवलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी त्या रस्त्यावर दुष्काळी काम निघालं. मी गेलो तेव्हा खडी पसरत, डांबर ओतत लोक वळणापर्यंत आले होते. एवढा तुकडा सोडा, असं मुकादमाला म्हणावंसं वाटलं. पण कारण काय सांगणार? त्याच रस्त्यानं पाणी येत होतं आणि त्याच कामावर त्यांच्या चुली पेटत होत्या.

पाटी घेतलेली एक बाई म्हणाली, "गुरुजी, काय हरवलंय का?"

"नाही."

"मग सरका की. चपला चिकटतील."

मी सरकलो.

जुनं रबर थंडीत का घसरतं, जाम चाक रस्ता का सोडतं, हे मी आजही फळ्यावर समजावून सांगू शकेन. त्या सकाळी माझा पाय कुणी उचलला, ते मात्र मला सांगता येत नाही. तिनंच, असं म्हणायची माझी हिंमत नाही. ती नव्हती, असंही मला म्हणवत नाही.