दीड ते साडेचारचा वारा

मुक्ता आणि ईशान,

नागपुरात उन्हाळ्यात वारा दुपारी बरोबर दीडला सुटतो आणि साडेचारला थांबतो, असा शोध मी लावला होता. तो जगात दुसऱ्या कोणी लावलेला नाही आणि यापुढेही कोणी लावेल असं वाटत नाही.

मागच्या मे महिन्यात, मुक्ता, तुझी गोष्ट ऐन रंगात आली असताना फोन बंद पडला आणि मी "नेटवर्क, बाळा" असं सांगितलं. ते खोटं होतं. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं मेलबर्नला येतो आहोत आणि आजोबा हा किस्सा तुम्हाला सांगितल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांच्या तोंडून तो जितक्या वेळा निघतो, तितक्या वेळा माझ्या पवनचक्कीला एक पातं वाढतं. (परवा त्यांनी दूधवाल्याला सांगितलं तेव्हा तर मी चक्कीसकट गच्चीवरून उडाले होते!) म्हणून खरं काय घडलं ते आधीच लिहून ठेवते.

तुमचा फोन दर रविवारी दुपारी दोनला. तुमच्याकडे तेव्हा साडेसहा. आणि रविवार म्हटला की दोन वाजून दहा मिनिटांनी आमच्याकडची लाइट गेलीच म्हणून समजा! वाय-फाय बंद, आणि पडद्यावर ईशान तोंड उघडं टाकून गोठलेला. मुक्ता तीन आठवडे आईजवळ बसून एक मराठी गोष्ट तयार करत होती. पहिल्या रविवारी ती दुसऱ्याच वाक्यावर तुटली. त्यावर ती रडली आणि "आता पुन्हा तुटलं तर मी मराठी बोलणारच नाही," असं तिने जाहीर केलं. आठ वर्षांच्या बाईचा शब्द! मी घाबरले.

"इन्व्हर्टरची बॅटरी मेली आहे, नवीन आणून टाकतो," आजोबा म्हणाले.

"वारा फुकट असताना?" मी म्हणाले.

कारण मी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक गृहस्थ घरच्या घरी पवनचक्की करून दिवा लावतात. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे त्यांचं इंग्रजी मला शंभर टक्के समजलं. विज्ञान समजलं असा माझा दावा तेव्हाही नव्हता.

माझा विचार सरळ होता. विजेने पंखा फिरवला की वारा येतो, म्हणजे वाऱ्याने पंखा फिरवला की वीज येणार. माळ्यावरचा जुना टेबल फॅन गच्चीत नेला, त्याच्या वायरीला बल्ब जोडला आणि वाऱ्याची वाट बघत बसले.

"अवं, काय करून राहिली तू?" आजोबांनी जिन्यातून विचारलं.

"वीज."

"उन्हात बसून? मग माझ्या टाळक्यावर तं आतापर्यंत पॉवर हाऊस व्हाले पायजे होतं!"

वारा आला, पंखा फिरला, बल्ब ढिम्म. शेवटी पुंडलिकला बोलावलं. पुंडलिक आपला इलेक्ट्रिशियन, पन्नाशीचा, एके काळचा माझा विद्यार्थी. (इंग्रजीत तीनदा नापास. ते त्याच्याही लक्षात आहे.) त्याने पंखा उलटापालटा केला आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, याच्यात चुंबकच नाही तं करंट कुठून येईन?"

नापास होणं कसं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

मग त्याने महाल भागातल्या भंगारच्या दुकानातून चुंबकवाली मोटर आणली. पाती मी स्वतः पीव्हीसी पाइप उभा कापून केली. पट्टीने मोजून, तिन्ही अगदी सारखी! ती उलटी बसवली, एवढंच. चक्कीने वाऱ्याकडे पाठ फिरवली आणि पूर्ण दिवस रुसून उभी राहिली. सुलटी केली तर इतकी थरथरायला लागली की खालच्या मजल्यावर कपाटातल्या बश्या वाजू लागल्या. "हिचा खांबच ढिला आहे," असा निष्कर्ष काढून मी सिमेंटचं अख्खं पोतं आणवलं.

आता प्रश्न जागेचा. मी खडूने गच्चीचे नऊ चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात कागदाची भिरभिरी घेऊन ठरल्या वेळी उभी राहिले आणि वहीत नोंदी केल्या. आठ चौकोनांत काही दम नव्हता. पण नववा! शेजारच्या सिंधूताईंच्या वरच्या खोलीची भिंत आपल्या गच्चीला लागून आहे. कुंड्यांना ऊन लागू नये म्हणून मी तिथे हिरवी जाळी बांधली होती. त्या जाळीतून असा झकास, सलग वारा यायचा की भिरभिरी हातातून निसटे. खांब तिथेच पुरला आणि ते अख्खं पोतं त्याच्या पायाशी ओतवलं.

मराठीत सांगायचं तर, वहीत लिहिलं: 'सुरुवात दीड. समाप्ती साडेचार. वारा गार. किंचित वाळ्याचा सुगंध. बहुधा तलावावरून येत असावा.'

"वारा आहे का सरकारी नोकर?" आजोबा म्हणाले. "जेवून येते, अन् साडेचारले घरी जाते!"

मी दुर्लक्ष केलं. रविवारी मी खाली तुमच्या फोनपाशी असायची, तेवढा वार सोडला तर पाच आठवड्यांत एक दिवसही खाडा नव्हता. पुंडलिक म्हणाला, "मॅडम, मधात एक छोटी बॅटरी टाकू नं. वाऱ्याचा काय भरोसा?"

"पुंडलिक, साठवण नसलेल्या गोष्टीची करतात. दोन वाजता वारा असतो म्हणजे असतो. ही वही बघ."

त्याने वही बघितली. इंग्रजीत होती. त्याने ती मिटून परत दिली.

चार दिवस राउटर चक्कीवर चालवून पाहिला. बिनतक्रार! मग मुक्ताला गोष्ट पुन्हा सांगायला बोलावलेला तो रविवार उजाडला. दोन वाजले, मुक्ताने घसा खाकरला आणि सुरुवात केली. "एक कांगारू होती. तिला आजीकडे नागपूरला जायचं होतं…" दोन दहाला लाइट गेली. मी आजोबांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "जाऊ दे लाइट!"

"…मग ती आजीच्या दारात आली, आणि तिने बेल वाजवली, आणि आजी—"

मुक्ता गोठली. राउटरचे दिवे एकेक करून विझले.

मी जिना कसा चढले ते माझ्या गुडघ्यांना विचारा. वर चक्की शेवटचा अर्धा फेरा घेऊन थांबत होती. बेचाळीस अंशांचं ऊन, आणि नवव्या चौकोनात वाऱ्याची झुळूक नाही! पलीकडच्या खिडकीतून सिंधूताई डोकावल्या.

"लाइट गेली का वं ताई तुमच्याकडची पण?"

"लाइट जाऊ द्या हो! वारा का गेला?"

"वारा? कोणता वारा?"

"हाच! इथून रोज येतो तो!" म्हणून मी हिरवी जाळी वर उचलली. जाळीमागे भिंतीत एक चौकोनी भोक होतं आणि त्यात एक भला मोठा पंखा.

"अवं माय! तो आमचा एक्झॉस्ट आहे नं, यंदाच बसवला," सिंधूताई म्हणाल्या. "कूलरची दमट हवा बाहेर फेकाले. हे जेवून दीडले झोपतात तवा लावतो, साडेचारले उठले का बंद. लाइट नाही तं तो काहून फिरन?"

म्हणजे पाच आठवडे मी सिंधूताईंच्या नवऱ्याच्या झोपेची शास्त्रीय नोंद ठेवत होते! लाइट गेल्यावर चालावी म्हणून केलेली माझी चक्की लाइट असेल तरच चालत होती!

मी तिथेच मटकन बसले. (गच्ची तापलेली होती, लगेच उठले.) "माझी नात गोष्ट सांगत होती हो. ती आता मराठी बोलणार नाही."

"मंग मोबाइलचा डेटा चालू करा नं ताई! त्यात काय एवढं?"

डेटा मोबाइलमध्ये असतो हे मला माहीत होतं. पण घरात वाय-फाय असताना डेटा वापरायचा नाही, हा माझाच नियम, आणि मी तो शिस्तीने बंद ठेवला होता. सिंधूताईंनी खिडकीतून हात लांब करून माझ्या हातातल्या फोनवर एक बोट टेकवलं. तेवढंच. फोन लागला.

"आजी, कुठे गेली होतीस?" मुक्ताचे डोळे भरलेले.

"नेटवर्क, बाळा. आजीने दार उघडलं, पुढे?"

मुक्ताने जरा विचार केला, नाक पुसलं आणि म्हणाली, "आजी म्हणाली, आधी पाय धुऊन ये. कांगारूने पाय धुतले, पण ते खूप लांब होते, म्हणून जेवण थंड झालं. संपली गोष्ट."

सिंधूताई खिडकीत इतक्या हसल्या की त्यांचे यजमान साडेचारच्या आधी उठले.

मोटर पुंडलिकने परत नेली. पाती सिंधूताईंनी वांग्याच्या रोपांना पाणी सोडायला मागून घेतली. आजोबांनी बॅटरी आणली. खांब मात्र निघत नाही. पुंडलिक म्हणतो, त्यासाठी अर्धी गच्ची फोडावी लागेल. तर मुलांनो, माझ्या पवनचक्कीतला आज शिल्लक आहे तो एवढा खांब. तिच्यातला न फिरणारा भाग तेवढा मी पक्का बसवला होता.