वडाचं झाड आणि कच्चा टाका

आमची आत्या कविता करते, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते. गणवेश शिवायच्या आमच्या हॉलमध्ये ती कॉलर लावते, मी काजं करते. कोणी निवृत्त होत असलं की हार-शाल नंतर, आधी आत्याची कविता, ही तिथली पद्धत. "माझ्या कवितेशिवाय इथून कोणाची सुटका नाही," असं ती म्हणते आणि तिला आडवं जायची कोणाची छाती होत नाही.

खरं सांगायचं तर तिच्याकडे ठरलेल्या उपमा होत्या आणि त्याच ती आलटून पालटून वापरायची. स्टोअरकीपर दीपस्तंभ झाला, इलेक्ट्रिशियन दीपस्तंभ झाला, दाराशी बसून पेंगणारा वॉचमनसुद्धा दीपस्तंभ झाला. मी हसले की ती म्हणायची, "नावं ठेवायला काय जातंय? दोन ओळी लिहून दाखव." दोन ओळी मला काही जमत नाहीत, म्हणून मी पुन्हा काजांकडे वळायचे.

मग मोठ्या बाईंची वेळ आली. बाई हॉलच्या मुख्य आणि आत्याची जुनी मैत्रीण. शिलाई वाकडी गेली की एक शब्द न बोलता सगळी उसवून हातात द्यायच्या. आम्ही त्यांना घाबरायचो आणि त्यांच्याच हाताखाली शिकलो.

कविता आदल्या दिवशी ज्याची त्याला ऐकवायची, म्हणजे समारंभात भांडण नको. जेवणाच्या सुट्टीत आत्याने घसा साफ करून सुरुवात केली, "तू वटवृक्ष, तुझ्या सावलीत आम्ही..."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "वडाखाली कधी काही वाढलेलं बघितलंयस?"

"अगं, सावली म्हणजे माया."

"सावली म्हणजे सावली. वर ऑफिसात हेच बोलतात ना माझ्याबद्दल? माझ्यामागे हॉल सांभाळायला एक बाई तयार नाही, बाहेरून माणूस आणायला लागतंय. चांगल्या होत्या त्या सगळ्या गेल्या. इतकी वर्षं राबून मी काय उगवलं? आणि आता तूही तेच गातेस. उद्या मी येणार नाही."

आत्या तणतणली. माझा हेतू बघायचा सोडून ही शब्दाचा कीस काढत बसली, वगैरे. मला मात्र बाईंचं पटलं. झाडाची सावली कवीला दिसते, पण त्या झाडाखाली रोप होऊन बसलेल्याला ऊन दिसत नाही. शब्द एकटा येत नाही, आपलं सगळं गणगोत घेऊन येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या कॉलर लावत होती. आधी हाताने मोठे मोठे कच्चे टाके घालायचे, म्हणजे कापड सरकत नाही. मशीनची पक्की शिवण बसली की तो दोरा ओढून टाकायचा. दोरा ओढता ओढता ती थांबली.

"त्या पोरी गेल्या नाहीत गं. हिनेच घालवलं त्यांना! प्रत्येकीला हीच म्हणाली ना, आता माझ्याकडे काय शिकणार, जा, स्वतःचं दुकान टाक?"

ती बाईंना कच्चा टाका म्हणणार, हा अंदाज आला तशी मी घाबरले. "आत्या, निरोपाच्या दिवशी कच्चा म्हणू नकोस. उठून जातील त्या. पहिला टाका म्हण. हळवा म्हण."

"हळवी? ती?" आत्या म्हणाली. "कच्चाच म्हणणार. दुसरा शब्द घातला तर ती दुसरीच कुणीतरी होईल."

मग तिने जुन्या पोरींना फोन लावले आणि दुपारी स्वतः बाईंच्या घरी जाऊन बसली. "तू येईपर्यंत मी उठत नाही," म्हणाली. बाई समारंभाला आल्या, पण चेहरा असा की स्वागतालाही कोणी पुढे होईना. आत्या उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"कच्चा टाका तू, बाई, कच्चा टाका..."

बाई खुर्ची मागे सरकवून उठल्या. आत्याचा आवाज तसूभरही खाली आला नाही.

"पक्की शिवण बसेतो आम्हाला धरून ठेवलंस,
मग तूच म्हणालीस, आता मला ओढून काढा.
निघालास टाक्या, आणि कापडावर खूणसुद्धा नाही."

बाई उभ्याच होत्या. जायचं की बसायचं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"चूक आहे!" मागून आवाज आला. बाईंच्या जुन्या शिकाऊ पोरींपैकी एक, आता स्वतःच्या दुकानाची मालकीण, तरातरा पुढे आली. "खूण नाही कशी? माझ्या दुकानात पोरीची शिलाई वाकडी गेली की मी एक शब्द बोलत नाही. उसवून हातात देते. पोरी मागे मला शिव्या देतात, बाई, तुम्हाला आम्ही द्यायचो तशाच."

मागच्या बाकावरच्या बाकीच्या हसल्या. "आम्हालाही!" एकीने ओरडून सांगितलं.

बाई खाली बसल्या आणि सगळ्यांसमोर रडल्या. त्यांना रडताना आम्ही कधीच बघितलं नव्हतं. मग पदराने तोंड पुसून आत्याकडे बघत म्हणाल्या, "ऐकलंस ना? शेवटची ओळ उसव."

आजवर कोणाच्या सांगण्यावरून एक अक्षर न बदललेल्या माझ्या आत्याने ती ओळ तिथल्या तिथे उसवली.