रोवेनाबाईंचा ड्रायव्हर

सरकारी गाड्यांच्या गॅरेजात बावीस वर्षं मी ड्रायव्हरांच्या पाळ्या लावल्या. कुठल्या मंत्र्याला कुठली गाडी आणि कुठला ड्रायव्हर, हे माझ्या टेबलावर ठरायचं. त्या सगळ्यांत क्लाइव्ह ट्रेंबथ सर्वात अबोल. क्वीन्सटाउनच्या खाणकामगाराचा मुलगा. आधी राजधानीत, होबार्टात, सिटी बस चालवायचा. बायको गेली, घर खायला उठलं, तेव्हा आमच्याकडे आला. "लांबच्या ड्युट्या दे, शोना," एवढंच मला म्हणाला.

मी त्याला शिक्षणमंत्री रोवेना पिटमन यांच्याकडे दिलं. डोळ्यांच्या दुखण्यामुळे बाईंना गाडी चालवायला मनाई होती. लग्न केलेलं नव्हतं. मागच्या सीटवर फायली वाचता वाचता त्यांना गाडी लागायची, तरी वाचणं सोडायच्या नाहीत. घाट आला की क्लाइव्ह म्हणायचा, "मॅडम, वळण." मग त्या मान वर करायच्या. पहिलं वर्षभर दोघांचं संभाषण जवळजवळ तेवढंच.

दर शुक्रवारी दुपारी बाई न्यू नॉरफोकच्या वृद्धाश्रमात आईला भेटायला जायच्या. आई आयव्ही, नव्वदीची, आयुष्यभर पोस्टमास्तरीण. क्लाइव्ह बाहेर गाडीत बसून राहायचा. एकदा म्हातारीनं खिडकीतून पाहिलं आणि लेकीला झापलं, "तो माणूस उन्हात भाजतोय आणि तू इथे चहा पितेस? आत बोलव त्याला!" तेव्हापासून शुक्रवारी पत्त्यांचा डाव पडू लागला. म्हातारी लबाडी करायची आणि क्लाइव्ह ती दिसूनही हरायचा.

पुढे एका मार्चमध्ये निवडणूक झाली आणि आमचे प्रीमियर, म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री, पुन्हा निवडून आले. रोवेनाबाईंचं खातं पक्कं, असं गॅरेजात सगळे धरून चालले होते. पण मंत्रिमंडळात खुर्च्या नऊच. यंदा वायव्य किनाऱ्यानं पक्षाला दोन जागा जादा दिल्या होत्या आणि जुन्या मंत्रिमंडळात तिकडचं कुणीच नव्हतं. तिकडच्यांना घ्यायचं, तर होबार्टच्या कुणाला तरी उठावं लागणार होतं.

शुक्रवारी न्यू नॉरफोकच्या वाटेवर बाईंना प्रीमियरांचा फोन आला. पुढे काय झालं ते क्लाइव्हनं मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. बाई फक्त "हो... हो... समजलं" म्हणाल्या आणि फोन मांडीवर ठेवला. त्यानं आरशात पाहिलं, गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"थांबलात का?" बाईंनी विचारलं.

"गाडी जरा तापल्यासारखी वाटतेय."

"सरकारी गाडी तापत नाही, क्लाइव्ह." आणि मग त्यांना रडू फुटलं. तो उतरून बॉनेट उघडून उभा राहिला. दहा मिनिटं. आत जे चाललं होतं ते बघायचं नव्हतं त्याला.

"आईला सांगू नका," परत बसल्यावर बाई म्हणाल्या. "तिला सोसणार नाही."

पण म्हातारीच्या उशाशी रेडिओ होता. हे दोघे खोलीत शिरले तशी ती कडाडली, "ऐकलं मी! शाळेची पायरी न चढलेल्याला शिक्षण दिलंय म्हणे!"

"आई, तो इंजिनियर आहे."

"मग पूल बांधू दे. बस इथे. जेवलीस का?"

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. म्हातारीनं त्यांचा हात हातात घेतला आणि त्या दिवशी पत्ते बाहेर काढलेच नाहीत.

मंगळवारी गव्हर्न्मेंट हाउसमध्ये शपथविधी झाला. क्लाइव्हकडे मी नवे शेतीमंत्री दिले, वायव्य किनाऱ्यावरच्या बर्नीचे ब्रेट ओल्डकर. बटाटे पिकवणारा गडी, मनानं चांगला, पण गाडीत अखंड बडबड. संध्याकाळी क्लाइव्ह माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

"शुक्रवारी दोनला मला मोकळं कर. दर शुक्रवारी."

"मंत्री नवे, सगळ्या पाळ्या उलट्यापालट्या झाल्यात आणि तुला आत्ताच काम निघालं?"

"आयव्हीबाई वाट बघतील."

मी त्याची शुक्रवारची पाळी दुसऱ्या ड्रायव्हरला, मॉरिसला दिली. मॉरिस आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

शुक्रवारी क्लाइव्ह आपली जुनी सुबारू घेऊन बाईंच्या दारात गेला. बाई दार अडवून उभ्या. "क्लाइव्ह, मी आता कुणी नाही. हे तुमच्या कामात बसत नाही."

"म्हणून तर माझी गाडी आणलीय, मॅडम."

"मॅडम नका म्हणू."

"बरं, मॅडम."

त्यांना हसू आलं. सवयीनं त्यांनी मागचं दार उघडलं, तर सीटवर गळ, जाळी आणि गमबूट. मग पुढे बसल्या. पुढे बसलं की आपल्याला गाडी लागत नाही, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळलं.

असे अडीच वर्षं शुक्रवार गेले. विधानसभेत बाई मागच्या बाकावर बसायच्या. सुरुवातीला फार लागलं त्यांना. जुने सहकारी जिन्यात भेटले की घड्याळ बघायचे. नंतर त्या आपल्या मतदारसंघातल्या शाळांमधून हिंडू लागल्या, मुलांना वाचून दाखवू लागल्या. पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं.

तिसऱ्या हिवाळ्यात म्हातारी झोपेतच गेली. अंत्यविधीला प्रीमियर आले, चार वाक्यं बरी बोलले. क्लाइव्ह शेवटच्या रांगेत बसला होता. बाईंनी मागे वळून त्याला शोधलं आणि सगळ्यांदेखत पुढे बोलावून शेजारी बसवलं.

पुढच्या शुक्रवारी दोन वाजता तो सवयीनंच त्यांच्या दाराशी गेला आणि मग गाडीतच अवघडून बसला. बाई कोट घालून बाहेर आल्या.

"आता कुठे?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारता? ड्रायव्हर तुम्ही."

तो त्यांना हॅमिल्टनला घेऊन गेला. तिथल्या बेकरीत कालवं भरलेली पाई चांगली मिळते.

त्यांनी लग्न केलं नाही. गावानं मात्र ते केव्हाच लावून टाकलंय. मी एकदा क्लाइव्हला छेडलं, तर कान लाल करून म्हणाला, "बाई पत्त्यांत आईपेक्षा लबाड आहेत, शोना. विचार करावा लागेल."