कुशनवालीची मरून पिशवी

आमच्या गल्लीतली कुशनवाली कंबरेला दारू बांधून फिरते आणि नळीने घोट घेते, ही बातमी मला एकाच सकाळी तिघांनी कानात सांगितली. तिघांनीही शपथ घातली की हे बाहेर जाता कामा नये. मी शपथ पाळली. फक्त चौघांना सांगितलं.

पुरावा होता ना. नवऱ्याचा ढगळ शर्ट घालून ती काम करायची, आणि वाकली की शर्टाखाली मरून रेक्झिनची चपटी पिशवी दिसायची, झिप लावलेली, वरून बोटभर नळी डोकावणारी. शिवाय दर दोन-तीन तासांनी ती काम टाकून संडासात जायची आणि परत यायची ती एकदम हलकी होऊन. याहून कमी पुराव्यावर आमच्या गल्लीने दोन ठरलेली लग्नं मोडली आहेत.

कुशनवाली पन्नाशीची, रुंद खांद्यांची, सोफे-खुर्च्या नव्याने भरून देणारी. तोंडात कायम खिळे धरलेले, त्यामुळे बोलणं एका शब्दाचं. लोकांच्या घरात काय चालतं ते मला गप्पांतून कळतं, तिला फोममधून कळायचं. कुणाचं पोर अंथरूण ओलं करतं, कुठला नवरा महिनोन्महिने सोफ्यावरच झोपतो, सगळं तिला ठाऊक. पण सांगेल तर शपथ. मास्तरांच्या सोफ्यात काय सापडलं, असं मी तिला किती वेळा गोड बोलून विचारलं असेल. उत्तर एकच, "फोम."

तिची नणंद मात्र देवाने उलट्या साच्यात घातलेली. सगळी गल्ली तिला भोंगा म्हणते, तोंडावरही. भोंग्याची एक रीत होती. कुणाच्या घरात ती कधी बसायची नाही. दारात उभ्या उभ्या बातमी टाकायची आणि पुढचं दार गाठायची. चहा ठेवला तरी उभ्यानेच. आम्ही समजायचो, बाईला घाई आहे.

दारूची बातमी भोंग्याचीच. आता खरं काय होतं ते सांगतो. गाठींमुळे एका इस्पितळात कुशनवालीचं गर्भाशय काढलं, आणि काढताना डाव्या मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी नळी दुखावली. कुणाच्या लक्षात आलं नाही. आठवड्याने तिचे कपडे ओले व्हायला लागले, न थांबता, बसता-उठता. दुसऱ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दोष शोधला. त्यांनी पाठीतून थेट मूत्रपिंडात एक बारीक नळी घातली आणि लघवी बाहेरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत वळवली. आतली सूज उतरू दे, तीन महिन्यांनी पक्की दुरुस्ती करू, म्हणाल्या. गळणं थांबलं. त्याच संध्याकाळी कुशनवालीने त्या पिशवीला मरून रेक्झिनचं कव्हर शिवलं. झिप, आतून अस्तर, कडेला दुहेरी शिलाई. काम म्हणजे काम.

अडचण अशी की त्याच आठवड्यात तिला नाट्यगृहाच्या चारशे खुर्च्यांचं काम मिळालं होतं. इतकं मोठं काम आयुष्यात पहिल्यांदा. आणि जिच्या अंगावर लघवीची पिशवी आहे तिने शिवलेल्या खुर्चीवर कोण बसणार? पिशवीतलं खुर्चीला लागत नाही, हे तुम्हाला कळतं, मला कळतं. गावाला कळवायला कोण जाणार? एकाने नाक मुरडलं असतं की चारशे खुर्च्या गेल्या, आणि पुढचे सोफेही गेले. तीन महिने हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, पण तो ट्रकवर, महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यात.

एकदा मरता मरता वाचली. सातव्या रांगेत काम चालू असताना पिशवीच्या तळाची तोटी सैल राहिली आणि नव्याकोऱ्या सीटवर ओला डाग उमटला. नेमके तेव्हाच व्यवस्थापक फेरी मारायला आले. त्यांनी डाग पाहिला, मग शर्टाखालची पिशवी पाहिली. पण बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचलेली होती. मोठ्या भावासारखे हसले आणि म्हणाले, आधीचा कारागीर तर दुपारीच दोन रांगांच्या मध्ये आडवा व्हायचा, तुम्ही निदान उभ्या आहात, फक्त संध्याकाळपर्यंत दम धरत जा. तिने मान खाली घातली आणि त्या सीटचा फोम बदलून टाकला.

तीन महिने सरत आले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ऑपरेशन रोबोने होईल. पोटावर बोटाएवढी पाच-सहा भोकं, त्यातून यंत्राचे हात आत जातील, आणि त्या स्वतः आठ फुटांवर बसून भिंगातून बघत ते हात चालवतील. शिवणाऱ्याने कापडापासून आठ फूट लांब बसायचं, हे कुशनवालीला काही पटेना. तिने यंत्र बघायचा हट्टच धरला. बाई हौशी निघाल्या, सुट्टीच्या दिवशी घेऊन गेल्या. बघणारा प्रत्येक जण त्या हातांकडे तोंड वासून बघतो म्हणे. हिने डॉक्टरांच्या बसायच्या खुर्चीत मूठ दाबली आणि तोंडातून नसलेले खिळे काढल्यासारखं करत म्हणाली, "फोम बसलाय. तासाभरात चुळबुळ सुरू होईल तुमची. आणि माझा टाका तिथेच चुकेल."

मग तिने बाईंना विचारलं, टाका घालताना ताण देता का. बाई म्हणाल्या, अजिबात नाही, ताणलेला सांधा उसवतो. तेवढ्यावर तिची खात्री पटली. तिसऱ्या दिवशी ती नवी गादी घेऊन हजर. रेक्झिनची, पुसून निर्जंतुक करता येईल अशी.

ऑपरेशनच्या सकाळी नवरा कुठल्याशा घाटात अडकलेला. सोबत कोण? भोंगा. तिला फक्त 'पोटाचं ऑपरेशन' एवढंच सांगितलेलं, आणि ते यकृताचं असणार हे तिने मनाशी धरलेलं. वहिनी टेबलावर मरेल या भीतीने तिने परिचारिकेला बाजूला घेऊन सगळं ओकून टाकलं. पाच मिनिटांत भूल देणारे डॉक्टर फाईल घेऊन आले.

"रोज किती घेता?"

"काय?" कुशनवालीने विचारलं.

"नातेवाइकांनी सांगितलंय. सकाळपासून, नळीने. असं असेल तर आज भूल देता येणार नाही. तपासण्या करू, महिन्याभराने बघू."

आणखी एक महिना ती पिशवी. कुशनवालीने दाराशी डोळे पुसत उभ्या असलेल्या नणंदेकडे पाहिलं.

"डॉक्टर, मी घेत नाही. कधीच घेतलेली नाही."

"वहिनी, आता तरी खोटं नको बोलूस," भोंगा म्हणाली. "तूच मला सांगितलंस. माझा हात धरून. ताई, मी पिते, कुणाला सांगू नका."

"सांगितलं. तुम्ही सांगणार हे माहीत होतं म्हणूनच सांगितलं."

तिने मरून कव्हरची झिप उघडली. "ही बघा. लघवी आहे. पाठीतून येते."

भोंगा गप्प झाली. याची नोंद व्हायला हवी, कारण आधी असं कधी झालं नव्हतं.

"मग हेच सांगायचंस."

"मग खुर्च्या कुणी दिल्या असत्या? पिणाऱ्याला लोक काम देतात, ताई. गळणाऱ्या बाईला देत नाहीत."

भोंगा आत आली, इकडेतिकडे बघितलं, आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मी कुणाकडे बसत का नाही, माहीत आहे?"

"घाई असते तुम्हाला."

"कसली घाई. अकरा वर्षं झाली, धाकट्याच्या बाळंतपणापासून. हसले की थोडी होते. शिंकले की जास्त. उभी राहिले तर निदान लोकांचे सोफे वाचतात."

डॉक्टर खाकरले. यांना आत्ता घेऊ, म्हणाले, आणि तुमचाही केसपेपर काढून ठेवा, यावर उपाय असतो.

चार तास लागले. बाईंनी दुखावलेला तुकडा सोडून चांगली नळी मूत्राशयाला नव्याने जोडली. शुद्धीवर आल्यावर कुशनवालीने पहिला प्रश्न केला, ताण नाही ना दिला? नाही, बाई म्हणाल्या. आणि फोम? तोही बसला नाही.

काही दिवसांनी पिशवी दिसेनाशी झाली, तेव्हा गल्लीने ठरवलं की बाईने सोडली. व्यवस्थापकांनी हात जोडून अभिनंदन केलं. दोन बायका आपापल्या नवऱ्यांना धरून तिच्याकडे घेऊन आल्या, कशी सोडली ते यांना सांगा म्हणून. खिळे तोंडात धरूनच ती म्हणाली, "टाके घालून."

भोंग्याने हे गुपित आजवर पाळलं आहे. व्यायाम आणि औषधाने तिचंही बरंच आटोक्यात आलं. आता ती लोकांकडे बसते. माझ्याकडे परवा सव्वादोन तास बसली. विज्ञानाच्या प्रगतीबद्दल माझी एवढी एकच तक्रार आहे.

भोंग्याचं तेवढं भोंग्यानेच, त्या सव्वादोन तासांत; बाकी सगळं मला कुशनवालीने सांगितलं, माझी आरामखुर्ची भरताना. लिहू का, विचारलं. खुशाल लिहा, म्हणाली, नाट्यगृहाचं काम दुसऱ्यांदा माझ्याकडेच आलंय, आता कोण काय म्हणणार. म्हणून लिहिलं. तिने दारूचा थेंबही कधी घेतला नाही. पिशवीत लघवी होती, आणि दारूची अफवा तिने स्वतः उठवली होती.