आधी सांगितलेलं रद्द

तात्यांनी माइक हातात घेतला की नवं काही सांगण्याआधी ते स्वतःचंच जुनं बोलणं मागे घ्यायचे. आमच्या गावात मारुतीच्या देवळावर भोंगा आहे आणि तो नेमका आमच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून बसवलाय. लग्न होऊन मी वाईहून या कडेगाव तालुक्यात आले, तेव्हा पहिल्याच सकाळी तो कडाडला. "ऐका. कॅनॉलचं पाणी सोमवारी येनार म्हनून मी सांगितलं हुतं. त्ये रद्द. आता पाणी बुधवारी." माझ्या हातातला चहा निम्मा ओट्यावर सांडला. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, शांतपणे म्हणाल्या, "तात्या हायती. सवय हुईल."

तात्या फौजेतून सुभेदार होऊन गावी आलेले. नवा हुकूम आला की आधी जुना रद्द करायचा, नाहीतर निम्मी पलटण एकीकडे आणि निम्मी दुसरीकडे जाते, हे ते येता-जाता कुणालाही ऐकवायचे. भोंग्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. भोंग्यावर माणूस दिसतो थोडाच! तरी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय ते माइकला हात लावत नसत. मला त्याचं फार हसू यायचं.

मग कोरोना आला, पुढच्या वर्षी लस आली आणि तात्यांना उसंत राहिली नाही. उपकेंद्रातल्या नर्सबाई सांगायच्या आणि तात्या ते गावाला सांगायचे. दोन डोसांमधलं अंतर ठरलं तसं सांगितलं. ते वाढलं तेव्हा आधी जुनं रद्द केलं. पुन्हा वाढलं, पुन्हा रद्द. पारावरची पोरं विचारायला लागली, "तात्या, आज काय रद्द?" सरपंचांनीही हळूच सुचवून पाहिलं, की जुन्याची आठवण कशाला करून द्यायची, नुसतं नवं सांगा. तात्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, "मीच सांगितल्यालं हाय. मीच मोडणार. गपचिप बदललं तर लोकं कशाला ऐकतील माजं?"

त्या दिवसांत मला दिवस गेले होते. आमचे हे फौजेत, तिकडे सीमेवर. घरात आत्या आणि मी. गरोदर बायकांनी सध्या लस घेऊ नये, असं तात्यांनी भोंग्यावरून सांगितलं होतं आणि आत्यांनी ते घट्ट धरून ठेवलं होतं. माझं पोट दिसायला लागलं आणि तात्यांचा आवाज आला, "ऐका. पोटुशी बायकांनी लस घिऊ नगा म्हनून मी सांगितलं हुतं. त्ये रद्द. आता घ्यावी म्हनत्यात."

आत्यांनी भाकरी तव्यावर तशीच ठेवली. ती करपली. त्या म्हणाल्या, काय वाटंल ते होऊ दे, माझी सून लस घेणार नाही. मी मात्र पुरती भेदरले होते. शेजारच्या गावातली एक गरोदर बाई कोरोनाने गेल्याचं त्याच आठवड्यात कानावर आलं होतं. घ्यावी तरी भीती, न घ्यावी तरी भीती. शेवटी मीच तात्यांना निरोप धाडला.

ते आले, अंगणातच खुर्ची घेऊन लांब बसले. आत्या उंबऱ्यात. त्यांनी सरळ विचारलं, "आवं भावजी, मागं नगं म्हनलासा. आता घ्या म्हंतासा. खरं कोंचं?"

तात्या रागावले नाहीत. "वैनी, तवा पोटुशी बायकांवर तपासूनच बघितलं नव्हतं. म्हनून नगं म्हनले. आता लय बायकांनी घेतलीया, त्यांचं बघून सांगत्यात. आन् ह्यो रोग पोटुशीला जास्ती जड जातोय, ह्ये बी दिसलंय." मग म्हणाले, "पाणी सोमवारचं बुधवारी गेलं, तवा तुमी बुधवारी पाण्याची दारं धरायला गेलासा का न्हाई? सोमवारीच वावरात जाऊन बसला न्हाईसा."

आत्यांना हे पटलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. "आन् उद्या ह्ये बी रद्द केलासा तर?"

"तर सांगीन. भोंग्याच्या आदी तुमच्या दारात यून सांगीन."

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः मला उपकेंद्रात घेऊन गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस तात्या संध्याकाळी आमच्या दारावरून जायचे आणि न विचारता म्हणायचे, "अजून रद्द न्हाई वैनी." माझी मुलगी झाली, गुटगुटीत, भोंग्यालाही हार न जाणाऱ्या आवाजाची. बारशाला तात्यांनी तिला मांडीवर घेऊन सगळ्या गावच्या बातम्या सांगितल्या.

आता ती बालवाडीत जाते. तात्या गेल्या थंडीत गेले, झोपेतच. अंत्यविधीची वेळ सकाळी दहाची सांगितली गेली. मग फौजेतल्या त्यांच्या मुलाचं विमान लांबलं, तेव्हा ग्रामपंचायतीच्या शिपायानं भोंग्यावरून नुसतंच 'दुपारी तीन' सांगितलं. गोंधळ झाला. काही माणसं ओढ्याकाठच्या स्मशानात जाऊन थांबलेली, काही तात्यांच्या दारात. आम्ही बायका तिथंच बसलो होतो. आत्या उठल्या, नातीचा हात धरला आणि देवळाकडे निघाल्या. जन्मात त्यांनी माइक हातात धरला नव्हता.

भोंगा खरखरला. "ऐका. भावजींना न्यायची येळ सकाळी धाची सांगितली हुती. ती रद्द. लेक वाटंवर हाय. आता दुपारी तीनला."

मला हसू आलं आणि रडूही. ओढ्याकडे गेलेली माणसं परत फिरली.