सुमनचं नक्षत्र घेऊन मुंबईला

माघातल्या एका संध्याकाळी देवगडला पडावातून, म्हणजे किनाऱ्यावरच्या होडीतून, बोटीवर चढलो. पिशवीत भाची सुमनसाठी आंबापोळी, तिच्या जन्मसालचं जुनं पंचांग आणि बहिणीचं पत्र. शेवंताने लिहिलं होतं, 'सुमनला गिरगावातलं चांगलं स्थळ आलंय. त्यांनी पत्रिका मागितलीय. दादा, मूळ निघालं की हेही मोडेल. तू येऊन दुसरी पत्रिका करून दे.' दुसरी म्हणजे खोटी, हे तिने लिहिलं नव्हतं, पण मला कळलं.

मी शाळामास्तर. बापाकडून पंचांग शिकलो आणि गावात फुकटचा जोशी झालो. एकोणीस वर्षांपूर्वी मेहुण्याचं मुंबईहून कार्ड आलं, 'सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कन्यारत्न.' मी ऐटीत गणित मांडलं आणि भाची मूळ नक्षत्राच्या शेवटच्या टोकावर आली. चौथा चरण चांगलाच असतो, हे सांगून माझा घसा सुकला. पण चरण विचारतो कोण? मूळ म्हटलं की मूळच. सुमन चार वर्षांची असताना मेहुणा तापाने गेला, आणि चाळीत 'बाप खाल्ला' हे बोलणं सुरू झालं. पुढे दोन स्थळं त्याच पायी गेली.

पहाटे डेकवर उभा राहिलो तर आग्नेयेला विंचवाची नांगी वर आलेली. हेच ते मूळ. शेजारी रत्नागिरीकडचा एक म्हातारा खलाशी, इब्राहिमचाचा, विडी ओढत होता. मी बोट दाखवून विचारलं, तुमच्यात ह्याला काय म्हणतात?

"विंचू. दुसरा काय म्हणनार?" तो म्हणाला. "पन गुनाचा हां. ह्यो फाटेचा असा वर आला की दर्या गप असतो. माझ्या बापाने तर नवा मचवा (लहान शिडाचं गलबत) ह्याच्याच दिवसांत पान्यात सोडला."

एवढं शिकलोसवरलो, पण ज्या चांदण्यांनी माझी भाची घरात बसवली त्यांच्या भरवशावर कुणी मचवा सोडत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

भाऊच्या धक्क्यावरून लालबागला पोचलो. भिंतीभिंतीवर डांबराने 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं. शेवंताने बांगड्याचं तिखलं (लाल मिरचीचं घट्ट कालवण) केलं होतं. जेवून हात धुतो न धुतो तोच तिने कोरा कागद पुढ्यात ठेवला. सुमन दाराशी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

मी पेन उघडलं आणि बंद केलं. आयुष्यात पोरांची नक्कल पकडली, आता स्वतःच करायची? त्यात शेजारच्या सोनाबाई आत आल्या. म्युनिसिपालटीच्या सूतिकागृहात त्यांची आयाची नोकरी झालेली, सुमन त्यांच्याच हातावर जन्मलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बुद्धाचा धर्म घेतला होता.

"मास्तर, अजून हेच काय?" त्या हसल्या. "आम्ही तर पत्रिका, ग्रह, सगळं सोडलं बघा. आमची एक वैशाखातली पुनव, बस्स."

"सुटलात," मी म्हणालो. "आमची पोरगी सहा-दहाला अडकलीय."

"सहा-दहा? कुठल्या टायमाला?"

"कुठल्या म्हणजे?"

"अवो, तवा आमच्या दवाखान्याचं घड्याळ मुंबई टायमाचं! स्टेशनावरल्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागं. दवाखान्यात सहा-दहा म्हणजे तिकडं पावणेसात वाजून गेले. तुमच्या मेव्हण्यानं आमचंच घड्याळ बघून लिहिलं, मी हुते ना तिथं!"

गावात पोस्टाच्या घड्याळावर जगणारा मी. एका शहरात दोन वेळा नांदत असतील, हे मला कसं सुचणार? पिशवीतलं जुनं पंचांग उघडलं. स्टेशनच्या वेळेने मूळ साडेसहालाच संपलं होतं. सुमन पूर्वाषाढेची निघाली! मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, अगदी खरोखर.

दुसऱ्या दिवशी हरताळ. ट्राम नाही, बस नाही. सोनाबाई म्हणाल्या, "पत्रिका मी मानीत नाही, पण पोरीची साक्ष द्यायला येते." आम्ही लालबागहून गिरगावापर्यंत पायपीट केली, माझी एक वहाण भायखळ्याला तुटली. एका ख्रिस्ती आजीबाईंच्या दारात पाणी मागितलं. त्यांच्या गॅलरीत नाताळातला कागदी तारा अजून लटकत होता.

"येशूबाळ जन्मला ना, तवा तारा दिसला," त्या म्हणाल्या. "काढवत नाही रे बाबा, बरा वाटतो." ह्यांच्यात तारा पाहून राजे भेटी घेऊन येतात, आमच्यात आलेले पाहुणे उठून जातात. सोनाबाईंना हे सांगितलं तर त्या वाटभर हसल्या.

मुलाच्या वडिलांनी, अण्णांनी, सगळं ऐकून चष्मा पुसला. "ऐन लग्नात एकोणचाळीस मिनिटं सापडली म्हणता?"

"चूक माझी," मी म्हणालो. "पोरीला त्याची शिक्षा नको."

"आमच्याकडेही भिंतीवर दोन घड्याळं होती," ते म्हणाले, "एक ऑफिसचं, एक गाडीचं. गडबडीत मीही गाड्या चुकवल्यात. सुपारी फोडू या."

परतीच्या दिवशी धक्क्यावर सुमन एकटीच पोचवायला आली. लग्न ठरलेल्या मुलीचा चेहरा असा नसतो. बोटीचा भोंगा झाला तेव्हा तिने माझी बाही धरली.

"मामा, म्हणजे बाबा माझ्यामुळे नाही ना गेले?"

पंधरा वर्षं ती हे पोटात घेऊन वावरली होती, आणि आम्ही तिच्या लग्नाची काळजी करत बसलो होतो. नक्षत्र बदललं म्हणून 'नाही' म्हणावं, एवढा हलकटपणा मला करवला नाही.

"नाही गं पोरी," मी म्हणालो. "मुळावर जन्मली असतीस तरी नाही. तापाने गेले ते." ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि मीही रडलो.

बोट सुटल्यावर बराच वेळ धक्क्याकडे बघत राहिलो. हे उत्तर मी तिला ती चार वर्षांची असतानाच द्यायला हवं होतं. त्याला पंचांग लागत नव्हतं.