पत्रातलं स्कीइंग

ग्लासगोहून ट्रेनने निघालं की तीन तासांच्या आत डोंगरातलं हे गाव येतं. एकच सरळ रस्ता, त्यावर स्की भाड्याने देणारी दुकानं आणि चहाची दोन-चार ठिकाणं. इथले लोक भेटले की फक्त बर्फाचं बोलतात. वर आहे का, टिकेल का. हल्ली बऱ्याचदा टिकत नाही. मग मशीनने केलेल्या बर्फाची एक पांढरी पट्टी, आणि आजूबाजूला सगळा तपकिरी डोंगर.

या गावात मी स्कीइंग केलं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. केलं नाही, हे फक्त मला.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची, ग्लासगोच्या एका हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात ज्युनियर डॉक्टर. हिवाळ्यात दर सोमवारी डोंगरावर मोडलेले पाय मीच प्लास्टरमध्ये घालायचे. त्यामुळे वॉर्डाची सहल इथे आली तेव्हा मी कॅफेत हीटरला चिकटून बसले आणि फॉइलमधली थालीपिठं एकटीने संपवली. निघताना मात्र बाईसाहेबांना फोटोची हौस आली! कुणाच्या तरी स्की हातात, कुणाचा तरी गॉगल कपाळावर, आणि तोरा असा की डोंगर जणू माहेरूनच आणलाय. साताऱ्याला सासऱ्यांना लिहिलं, ‘वरपासून खालपर्यंत एकदाही न पडता आले.’ खरं तर कॅफेतून बसपर्यंत जातानाच दोनदा आपटले होते.

का लिहिलं? एवढ्या लांब येऊन ओलसर भिंती आणि नाइट ड्यूटी, हे पत्रात काय लिहायचं, असं आज म्हणता येतं. पण मला भावही खायचा होता, हेही तितकंच खरं. सासऱ्यांनी फोटोला फ्रेम केली आणि पोस्टमनलासुद्धा दाखवला.

पुढे माझा मुलगा शाळेच्या सहलीत याच डोंगरावर मनगट मोडून आला. ‘मला तुझ्यासारखं जमत नाही,’ म्हणून रडला. मी त्याच्या प्लास्टरवर ठसठशीत सही केली. तोंड उघडलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत त्याच्या मुलीला इथे घेऊन आले. नऊ वर्षांची आहे, मराठी मोडकंतोडकं. तो नॉटिंगहॅमला, कामावर. नवशिक्यांच्या उतारावर पोहोचलो आणि पोरीने बर्फात बसकण मारली.

‘आजी, मी नाही जाणार. मला खूप भीती वाटतो.’

‘बरं, नको जाऊस.’

‘पण तू नाही घाबरलीस! बाबा पण गेला. इन द होल फॅमिली ओन्ली मीच वीक आहे.’

हनुवटी थरथरत होती, बापासारखीच. आता गप्प बसले असते तर हीसुद्धा तेच घेऊन मोठी झाली असती.

‘ऐक. मी कधी स्कीइंग केलंच नाही.’

‘ॲज इफ! फोटो आहे.’

‘स्की दुसऱ्याच्या होत्या. मी कॅफेत बसून खात होते.’

ती टक लावून बघत राहिली. आता गळ्यात पडेल, असं मला वाटलं. या वयातही माझा वेडेपणा गेलेला नाही.

‘तू खोटं सांगितला? बाबाला पण? त्याचा हात मोडला, आजी!’

‘हो.’

‘तू सॉरी म्हटलंस?’

‘नाही.’

‘मग म्हण ना.’ तिने माझा फोन काढून नंबर लावला आणि माझ्या कानाला धरला.

मी सांगितलं. सगळं, थालीपिठांसकट. तो हसेल अशी आशा होती. हसला नाही. मग म्हणाला, ‘घरी आल्यावर बोलू, आई.’

फोन खिशात घातला. उतारावर लाल जॅकेटातल्या शिकवणाऱ्या बाई पोरांना रांगेत उभं करत होत्या. नात त्यांच्याकडे बघत होती. मग उठली, पँटवरचा बर्फ झटकला.

‘एकदाच जाते. भीती वाटला तरी गेलं तर चालतं?’

‘मला काय विचारतेस?’ मी म्हटलं. ‘त्या बाईंना विचार. मला यातलं काही कळत नाही.’